दारूखान्यातली दारू

रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना आहे. वाटेवर साखळदंड, नांगर, कापलेल्या पत्र्यांचे ढीग. आणि या सगळ्याआधी नाकाशी येतो तो गॅस कटरखाली जळणाऱ्या जुन्या रंगाचा, तेलाचा, खाऱ्या चिखलाचा वास. नाव ऐकून नवख्याला गुत्ता आठवतो, पण ही दारू तोफेची. माझगावच्या गनपावडर रोडचं आणि इथल्या पावडर बंदराचं नावही त्याच दारूचं. कंपनी सरकारच्या काळात या बाजूला बंदुकीची दारू तयार होई आणि साठवली जाई. त्या कारखान्याची सर्वांत भक्कम उरलेली वस्तू म्हणजे ही तीन नावं. जुन्या दगडी वास्तूला देतो तेवढंच संरक्षण त्यांना मिळायला हवं.

नावांवर एवढा भार टाकायचा, कारण या धंद्याची हत्यारं टिकणारी नव्हतीच. दारूचं प्रमाण जगभर साधारण एकच: सोरा 75, कोळसा 15, गंधक 10. कंपनीचा सोरा मुख्यतः बिहारातून येई. तो विरघळवून, पुन्हा स्फटिक करून शुद्ध करायचा. हलक्या लाकडाचा कोळसा आणि गंधक वेगवेगळे दळायचे. मग ओलसर ठेवून दगडी चाकांखाली तिन्ही एकजीव करायचे, दाबायचे, दाणेदार करायचे, सुकवायचे. 75, 15, 10 हे गणित कुणालाही पाठ होईल. अवघड होतं ते ठिणगीला दूर ठेवणं. म्हणून अशा कारखान्यांत अवजारं लाकडाची आणि तांब्याची, चपला बिनखिळ्यांच्या, भिंती जाड आणि छप्पर मुद्दाम हलकं, म्हणजे भडका उडालाच तर वर जावा. पुढे लाकूड कुजलं, तांबं वितळवलं गेलं, चामडं झिजलं. संग्रहालयात तोफ दिमाखात उभी असते. तिच्या पोटातली दारू घोटणाऱ्या माणसाचं तिथे काहीच नसतं.

नुसत्या नावांत काय आहे, असं कुणी विचारील. या नावांत धोक्याचा पत्ता आहे. सोरा जलमार्गाने यायचा, म्हणून किनारा सोयीचा, हे खरंच. पण कोटातल्या वखारी आणि बंगल्यांपासून स्फोट लांब राहावा, हाही हिशेब त्या जागेत दिसतो. जोखमीचं काम पूर्व किनाऱ्यावर ढकलायची सवय शहराला लागली ती सुटली नाही. 14 एप्रिल 1944 रोजी जवळच्याच व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. त्याच्या पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं आणि सोबत कापसाच्या गाठी होत्या. शेकडो माणसं गेली. त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान होते. स्फोटकं नव्या जातीची होती, किनारा तोच होता. आज त्याच किनाऱ्यावर जहाजं तोडली जातात. ‘विक्रांत’ ही युद्धनौकासुद्धा 2014 साली इथेच तोडायला आणली. तिच्या पोलादाची मोटरसायकल झाली तेव्हा कौतुक झालं. ते पोलाद कापणाऱ्या हातांबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कंपनीच्या दारूने आपलीच राज्यं बुडवली, मग तिची आठवण जपायची कशाला? पण दारूखाना हा शब्द इंग्रजांचा नव्हे. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांच्या यादीत तो आहे. शिवाय आठवण जपणं म्हणजे गौरव करणं नव्हे. तोफ कुणाचीही असो, तिची दारू घोटताना जीव मुठीत धरणारे हात कष्टकऱ्यांचेच होते. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या चिमण्या निदान लोकांनी पाहिलेल्या आहेत. दारू घोटणाऱ्यांना तेवढीही खूण मिळाली नाही.

पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासाचे आराखडे पुन्हा पुन्हा निघत आहेत. गोदीची जमीन मोकळी झाली की तिथे मनोरे येतील आणि त्यांना गुळगुळीत नावं सुचतील. त्याआधी दारूखाना, पावडर बंदर, गनपावडर रोड ही नावं नकाशावर कायम करावीत आणि एक साधा फलक लावावा: 75, 15, 10, आणि खाली ते काम कसं चाले याच्या चार ओळी. ज्या कामात चपलेचा खिळासुद्धा चालत नसे, त्या कामाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागी आज दिवसभर ठिणग्या उडतात. इथे कधी एका ठिणगीचंही भय होतं, हे सांगायला आता नावाशिवाय दुसरं काही उरलेलं नाही.