एकच फाईल, अनेक नावे: गेमची जागा कशी वाचते

संगणकावरचे मोठे गेम आज शंभर गिगाबाइटच्याही पुढे जातात. त्यातला बराच डेटा एकदाच नव्हे, तर पुन्हापुन्हा साठवलेला असू शकतो.

या पुनरावृत्तीचे मूळ फिरत्या हार्ड डिस्कमध्ये आहे. अशा डिस्कवर वाचणारे हेड एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकायला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. हजारो तुकडे विखुरलेले असले की लोडिंग रेंगाळते. म्हणून निर्माते रस्त्यावरचा दिवा किंवा खिडकी अशा वस्तूंचा डेटा गेममधल्या प्रत्येक भागाच्या डेटाशेजारी पुन्हा लिहून ठेवत. मार्च २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ ची रचना मांडताना सोनीचे मार्क सर्नी यांनी ‘स्पायडर-मॅन’ गेमचा दाखला दिला होता : त्यातला काही डेटा डिस्कवर ४०० वेळा होता. एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, सरकणारे हेडच नसल्याने ही गरज उरली नाही. ‘हेलडायव्हर्स २’ च्या निर्मात्यांनी २०२५ च्या अखेरीस अशा प्रती काढून टाकल्या आणि पीसीवरचा गेम सुमारे १५४ गिगाबाइटवरून २३ वर आणला. हार्ड डिस्कवरही लोडिंगचा वेळ जेमतेम काही सेकंदांनी वाढला.

गेमच्या आतल्या प्रती निर्मातेच काढू शकतात. खेळणाऱ्याच्या संगणकावर मात्र आणखी प्रती तयार होतात. समजा, बोईसरच्या एखाद्या घरात २५६ गिगाबाइटच्या लॅपटॉपवर ४० गिगाबाइटचा गेम आहे. मूळ गेम तसाच ठेवून २ गिगाबाइटचे मॉड (गेममध्ये बदल करणारी भर) घातलेली दुसरी आवृत्ती हवी असेल, तर साध्या कॉपीने एकूण ८२ गिगाबाइट जागा जाते. न बदललेल्या फाइली दोघांत सामाईक ठेवल्या, तर ४२ मध्ये काम होते.

सारख्या फाइली शोधणारी सॉफ्टवेअर आधी आकार जुळवतात, मग एसएचए-२५६ सारख्या पद्धतीने प्रत्येक फाईलचा डिजिटल ठसा काढतात. ठसे जुळले की जागा सामाईक करण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला हार्ड लिंकचा. एकाच खोलीला दोन दारे असावीत तशी एकाच डेटाला दोन नावे मिळतात. विंडोजच्या एनटीएफएस फाईल-प्रणालीवर आणि लिनक्सवर ही सोय आहे, पण दोन्ही नावे एकाच पार्टिशनवर असावी लागतात. एका नावाने फाईलच्या आतला मजकूर बदलला, तर दुसरीकडेही तो बदललेला दिसतो. विंडोजमध्ये फोल्डरच्या गुणधर्मांत आकार दोनदा मोजला जातो, त्यामुळे खरी बचत डिस्कच्या मोकळ्या जागेवरूनच कळते.

दुसरा मार्ग क्लोनचा. सुरुवातीला दोन्ही फाइली तोच डेटा वापरतात. एकीत बदल झाला की फक्त बदललेल्या भागाला नवी जागा मिळते. लिनक्सच्या बीटीआरएफएस व एक्सएफएस, तसेच ॲपलच्या एपीएफएस फाईल-प्रणालीत हे जमते. एनटीएफएसवर जमत नाही.

हेच तत्त्व उद्योगजगतात डीडुप्लिकेशन म्हणून वापरतात. २००८ मध्ये पुण्यात जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोथंडरामन यांनी सुरू केलेल्या ड्रुवा कंपनीचे बॅकअप तंत्र त्यावरच उभे आहे. तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात दहा लॅपटॉपवर तीच फाईल असली, तर अशा पद्धतीत तिचा डेटा बॅकअपमध्ये एकदाच जातो.

या बचतीला मर्यादाही आहेत. सारखे चित्र वेगवेगळ्या मोठ्या पॅक-फाइलींत दाबून भरलेले किंवा कूटबद्ध केलेले असेल, तर सारखेपणा दिसत नाही. खेळ कुठवर आला ते साठवणाऱ्या सेव्ह फाइली आणि सेटिंग्ज सतत बदलतात. त्यांना हार्ड लिंक करू नये. ध्वनी, चित्रे, व्हिडिओ यांसारख्या न बदलणाऱ्या फाइलीच सामाईक ठेवाव्यात आणि मॉड घालताना मूळ फाईलवर न लिहिता नवी फाईल ठेवावी. सामाईक डेटा डिस्कवर एकदाच असल्याने तो बिघडला की त्याची सगळी नावे निकामी होतात. म्हणून सेव्ह फाइलींची आणि पुन्हा डाउनलोड न होणाऱ्या मॉडची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर असलीच पाहिजे.