जुनी अॅल्युमिनियमची होडी खाऱ्या पाण्यात नेण्यापूर्वी

पेठच्या डोंगरात पडलेला पाऊस दमणगंगेतून समुद्राला मिळतो. तिकडे मासेमारीसाठी जुनी अॅल्युमिनियमची मोटारहोडी स्वस्तात मिळत असेल, तर पैसे मोजण्यापूर्वी एवढे वाचा.

लोणचे अॅल्युमिनियमच्या पातेल्यात ठेवू नये, हे घरातल्या बायांना सांगावे लागत नाही. मीठ त्या धातूला खाते. समुद्रातही तेच घडते. पत्र्याला तांबे-पितळ लागून असेल तर फारच लवकर.

प्रथम होडी ठोकळ्यांवर नीट टेकवून आत थोडे पाणी भरा. बाहेर पाझर दिसेल तेथे खडूने खूण करा. ढिले रिव्हेट बदलून घ्या. पांढरी भुकटी खरवडून पत्रा किती उरला ते पाहा. पातळ पत्र्यावर रंग फासणे म्हणजे कुजलेल्या वाशांवर कौले चढवणे! इंजिन अडकवायच्या फळीत टोचणी सहज शिरली, तर फळी बदला.

तांबे असलेला रंग बुडाला लावू नका. स्टेनलेस बोल्टखाली प्लास्टिकचे वॉशर घाला. बुडाला जस्ताची वडी बसवा; ती स्वतः झिजते आणि पत्रा वाचवते. तिला रंग देऊ नका, अर्धी झिजली की बदला. प्रत्येक फेरीनंतर होडी व इंजिन गोड्या पाण्याने धुवा.

१९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याप्रमाणे परवाना घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. आणि माणशी एक जीवरक्षक जाकीट हवेच. होडी पुन्हा दुरुस्त होईल, गेलेला घरधनी परत येत नाही.