जुनी मालवाहू गाडी घेताना इंजिनाची पारख

व्यापारी बंधूंनो, आपले भांडवल काही मालात गुंतलेले असते, काही उधारीत अडकलेले असते. आणि दुकान व गिऱ्हाईक यांना जोडणारी मालवाहू गाडी मात्र बहुधा उरल्यासुरल्या पैशांत घ्यावी लागते. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील लहान व्यापारी दुसऱ्याच्या हातून आलेली पिकअप घेतो, ते हौसेने नव्हे. नव्या गाडीचे हप्ते दुकानाच्या मिळकतीस पेलत नाहीत म्हणून घेतो. यात कमीपणा काही नाही, आणि जुनी गाडी वाईटच निघेल असेही नाही. परंतु पोत्यातला दाणा तळहातावर घेऊन पाहिल्यावाचून जो एक क्विंटल धान्य घेत नाही, तोच व्यापारी लाखो रुपयांची गाडी नुसता रंग आणि मीटर पाहून घेतो, हे नवल आहे. ही पारख आपणांपैकी कोणासही शिकता येण्याजोगी आहे. ती कशी करावी, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाने सन २०१४ मध्ये अशीच एक पिकअप घेतली. मीटरवर ६८,००० किलोमीटर होते. गाडी दारात आली तेव्हा इंजिन धुऊन लख्ख केलेले होते, आणि ते गरमही होते. किल्ली फिरवताच एका दमात चालू झाले. समाधान वाटले व व्यवहार पुरा झाला. त्या वर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी गोव्यातील दुकानदारांचा रवा, मैदा, साखर व गूळ भरून ती निघाली. जांबोटी मागे टाकून कणकुंबीच्या चढाला लागली, तोच उष्णतेचा काटा लाल रेषेवर गेला आणि भर पावसात गाडी उभी राहिली.

पुढे इंजिन खोलले तेव्हा लायनरवर ओरखडे, रिंगा झिजलेल्या आणि हेड वाकलेले निघाले. मिस्त्रीने काही न बोलता क्लचच्या पायट्याकडे बोट दाखविले. त्यावरचे रबर घासून गुळगुळीत झाले होते. ६८,००० किलोमीटरांत ते तसे होत नाही. मीटर मागे फिरविलेले होते. दुरुस्तीचा खर्च वर्षभरात भरून निघाला. परंतु सण उलटल्यावर पोहोचलेला माल ज्या दुकानदारांच्या गळ्यात पडला, त्यांपैकी दोघांनी पुढच्या वर्षीची मागणी दुसरीकडे दिली. ती साख भरून यावयास फार वर्षे लागली.

किलोमीटर आणि तास

पहिली गोष्ट ही की मीटरचा आकडा खरा असला तरी तो अर्धीच हकीकत सांगतो. इंजिन झिजते ते किती तास फिरले आणि कोणत्या भाराखाली फिरले यावरून. समजा, एक गाडी महामार्गावर ताशी सरासरी ५० किलोमीटर वेगाने २,००,००० किलोमीटर धावली. तिच्या इंजिनाने ४,००० तास काम केले. दुसरी शहरातल्या गल्ल्यांतून, थांबत-थांबत, ताशी सरासरी १५ किलोमीटर वेगाने ९०,००० किलोमीटर चालली. तिचे तास भरले ६,०००. मीटर पाहणारा दुसरी गाडी घेईल, पण इंजिन अधिक राबले आहे ते तिचेच. शिवाय वारंवार बंद-चालू होणारे इंजिन पुरते तापत नाही, आणि सुरुवातीच्या गार क्षणांत ऑइल सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच झीज अधिक होते.

म्हणून आकड्यापेक्षा गाडीचा पूर्वेतिहास विचारावा. कोणता माल वाहिला? किती भार? कोणता रस्ता? एकच चालक होता की दर महिन्यास नवा? ऑइल व फिल्टर बदलल्याच्या पावत्या असल्यास त्या तारखेवार लावून पाहाव्यात. प्रत्येक पावतीवर किलोमीटरचा आकडा असतो, आणि मीटर मागे फिरविले असेल तर ते तेथेच उघडे पडते. हौद्याचा तळ पोचलेला, पाटे चपटे झालेले किंवा त्यांत जादा पान घातलेले दिसले, तर गाडीने क्षमतेबाहेर ओझे ओढले आहे असे समजावे.

इंजिनाचा प्राण

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा पिस्टन इतकी दाबतो की ती पाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, आणि तीत नोझलने फवारलेले डिझेल आपोआप पेटते. अर्थात हा दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, हाच इंजिनाचा प्राण होय. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व्ह झिजले की दाब गळतो; मग गार इंजिन चालू होण्यास कुरकुरते, ओढ कमी होते, डिझेल अधिक लागते व ऑइल जळू लागते. खाली सांगितलेल्या बहुतेक चाचण्या या एका दाबाचीच निरनिराळ्या वाटांनी चौकशी करतात.

गार इंजिनाजवळ

गाडी सकाळी, विक्रेत्याच्या जागी जाऊन पाहावी, आणि रात्रभर ती बंद ठेवण्यास आदल्या दिवशीच सांगावे. प्रथम इंजिनावर हात ठेवावा. ते कोमट लागले तर पारख दुसऱ्या दिवसावर टाकावी. गरम इंजिन आपले दुखणे लपविते.

चालू करण्यापूर्वी डिपस्टिक काढून पाहावी. डिझेल इंजिनाचे ऑइल काळे असते, तो दोष नव्हे. बदलल्यावर थोड्याच दिवसांत ते काजळीने काळे होते. पण ते दुधाळ किंवा चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. पातळी खुणेच्या वर असून डिझेलचा वास येत असेल, तर इंधन ऑइलात उतरत आहे. ऑइल अगदी नवे असेल तर ते का बदलले, हे विचारावे; जाड ऑइल घालून आवाज दाबण्याची युक्ती बाजारात जुनी आहे. रेडिएटरचे झाकण इंजिन गार असतानाच उघडावे, गरम असताना कदापि नव्हे. आत तेलाचा तवंग किंवा गंजकट लाल पाणी असल्यास सावध व्हावे.

आता किल्ली फिरवावी. बॅटरी चांगली असूनही इंजिन बराच वेळ नुसते फिरत राहिले, तर दाब, इंधन किंवा प्रीहीट प्लग यांपैकी कशात तरी उणे आहे. थंड सकाळी क्षणभर पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही तो राहिला तर न जळलेले डिझेल किंवा पाणी सिलिंडरात जात आहे. निळसर धूर ऑइल जळत असल्याची खूण होय. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन अधिक. त्याचे कारण कधी तुंबलेला एअर फिल्टर इतके स्वस्त, तर कधी नोझल किंवा टर्बो इतके महाग असते.

इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून अलगद उचलावे. तेथून धुराचे सतत फुत्कार येऊ लागले, तर दाब रिंगांच्या बाजूने खाली गळत आहे. आपले मिस्त्री यालाच बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. किंचित वाफ सर्वच जुन्या इंजिनांत असते. फुत्कार मात्र दुर्लक्षिण्याजोगे नव्हेत.

प्रत्येक इंजिनाची प्रकृतीही ध्यानी घ्यावी. सन २००५ मध्ये आलेल्या टाटा एसचे मूळ डिझेल इंजिन दोन सिलिंडरांचे व ७०२ घन सेंटिमीटरांचे. ते जागच्या जागी थरथरते, हा त्याचा स्वभाव आहे. चार सिलिंडरांच्या, २,५२३ घन सेंटिमीटरांच्या बोलेरो पिकअपने तसेच थरथरावे, हे मात्र एखादा सिलिंडर नीट काम करीत नसल्याचे लक्षण समजावे.

चढावर

रिकामी गाडी सपाट रस्त्यावर कोणीही चालवून दाखवील. शक्य असल्यास हौद्यात भार घालून गाडी चढावर न्यावी आणि निदान अर्धा तास चालवावी. काटा मध्यावर स्थिर राहिला पाहिजे. भाराखाली खालून येणारा जड ठोका बेअरिंग गेल्याचे सांगतो. वरून येणारी हलकी टिकटिक बहुधा व्हॉल्व्हच्या अंतराची असते व स्वस्तात सुटते. उतारावर गिअरमध्ये ठेवून एक्सलरेटर सोडावा आणि तळाशी पुन्हा दाबावा. त्या क्षणी मागे निळा लोट आला तर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल उतरत आहे. परतल्यावर, गरम इंजिन मंद चालू असता ऑइलचा दिवा लुकलुकला, तर ती गाडी स्वस्त मिळाली तरी महागच पडेल.

मिस्त्रीची साक्ष

येथवर पसंत पडलेली गाडीच मिस्त्रीकडे न्यावी, आणि तो मिस्त्री विक्रेत्याने सुचविलेला नसावा. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. आकडे उत्पादकाच्या पुस्तिकेतील मर्यादेत आहेत का, हे पाहावेच. पण ते परस्परांशी जुळतात का, हे अधिक महत्त्वाचे. चारही थोडे उतरलेले असतील तर ते वय झाले. तीन चांगले व एक फार खाली असेल तर तो रोग झाला.

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत आणखी एक सावधगिरी हवी. त्यांतील पुष्कळ गाड्यांत काजळी अडविणारा फिल्टर सायलेन्सरच्या वाटेत बसविलेला असतो, त्यामुळे बाहेर धूर दिसत नाही एवढ्यावरून आतील इंजिन निरोगी ठरत नाही. गावातल्या गावात फिरलेल्या गाडीचा हा फिल्टर लवकर तुंबतो व बदलणे महाग पडते. येथे स्कॅनर लावून नोंदलेले दोष वाचावेत; सर्व नोंदी कालपरवाच पुसलेल्या आढळल्यास त्याचे कारण विचारावे.

कागद आणि हिशेब

चासी व इंजिन यांवरील क्रमांक आर. सी. बुकाशी अक्षरशः ताडून पाहावेत. बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याचा फॉर्म ३५, हस्तांतराचे फॉर्म २९ व ३०, आणि गोव्याची किंवा महाराष्ट्राची गाडी कर्नाटकात आणावयाची असल्यास ना-हरकतीचा फॉर्म २८ हाती आल्यावाचून पूर्ण रक्कम देऊ नये. एकाच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने १४ व खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतर कळवावयाचे असते. विमा आपल्या नावे करण्याचा अर्जही १४ दिवसांत द्यावा. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस दरवर्षी पासिंग लागते, तो खर्चही हिशेबात धरावा.

शेवटी जमाखर्च मांडावा. समजा, एक गाडी ३,२०,००० रुपयांस मिळते. इंजिनाच्या कामास मिस्त्री ९०,००० सांगतो. आणि ती २० दिवस उभी राहिल्याने रोजचे १,५०० रुपये बुडतात. ती प्रत्यक्षात ४,४०,००० रुपयांस पडली. शेजारची, निरोगी इंजिनाची गाडी ३,९०,००० रुपयांस महाग वाटली होती. तीच ५०,००० रुपयांनी स्वस्त निघाली. दोष असलेली गाडी घेऊच नये असे नाही. दोष कळला, त्याची किंमत ठरली आणि ती भावातून वजा झाली, तर तो सरळ व्यवहार होय. धोका असतो तो न कळलेल्या दोषात.

आणि एक गोष्ट. आज घेणारे आपण उद्या विकणारेही असतो. प्रस्तुत लेखकाने ती पिकअप सन २०१९ मध्ये विकली. तेव्हा मीटरचा इतिहास, इंजिनाचे झालेले काम व त्याच्या पावत्या एका कागदावर लिहून घेणाऱ्याच्या हाती दिल्या. भाव थोडा कमी आला. परंतु घेणारा तरुण दुकानदार आजही रस्त्यात भेटला की गाडी थांबवितो, आणि गेल्या वर्षी आपल्या धाकट्या भावासाठी गाडी पाहावयास निघाला तेव्हा पारख करण्यास त्याने याच लेखकास सोबत नेले.