बटाट्याची प्रत : लागवडीचा हंगाम व साठवणीचे तापमान

चांगला बटाटा कोणता, असे विचारल्यास बहुतेक शेतकरी त्याचा आकार, सालीचा रंग व वजन यांकडे बोट दाखवितात. बाजारातील लिलावात याच गुणांना भाव मिळतो, हे खरे आहे. परंतु बटाट्याची खरी परीक्षा कढईत होते. एकाच जातीच्या, एकाच शिवारातील दोन गोण्या घेतल्या तरी एकीच्या काचऱ्या पांढऱ्याशुभ्र व कुरकुरीत होतात, तर दुसरीच्या तांबूस, मऊ व किंचित कडवट होतात. असा माल वेफर्सच्या कारखान्याच्या दारातून परत आला, की दराबरोबर वाहतुकीचा भुर्दंडही शेतकऱ्याच्या माथी बसतो. अशा वेळी दोष बेण्याला किंवा खताला दिला जातो. जातीचा व खताचा प्रतीशी संबंध आहेच. परंतु पुष्कळदा खरे कारण निराळे असते. पीक कोणत्या हवामानात पोसले आणि काढणीनंतर माल किती तापमानात राहिला, या दोन गोष्टींनी बटाट्याची प्रत ठरते. ही कारणे समजून घेतल्यास होणारे नुकसान बऱ्याच अंशी टाळता येते.

प्रत म्हणजे काय?

ताज्या बटाट्यात सुमारे चार पंचमांश पाणी असते. उरलेल्या भागास शुष्क द्रव्य म्हणतात व त्यात मुख्यत्वे पिष्ट, म्हणजे स्टार्च असते. शुष्क द्रव्य जितके अधिक, तितका बटाटा शिजल्यावर पिठूळ व मोकळा होतो, तळताना तेल कमी शोषतो आणि तितक्याच मालातून वेफर्स अधिक निघतात. वेफर्ससाठी शुष्क द्रव्य २० टक्क्यांहून अधिक असावे लागते.

दुसरा घटक साखरेचा. बटाट्यात ग्लुकोज व फ्रुक्टोज या साखरा अल्प प्रमाणात असतात. तळताना त्यांचा अमिनो आम्लांशी संयोग होऊन काचरी तांबूस पडते व कडवट लागते. म्हणून वेफर्सच्या बटाट्यात या साखरांचे प्रमाण ताज्या वजनाच्या ०.१ टक्क्याहून कमी असावे, असा दंडक आहे. याच संयोगातून ॲक्रिलामाइड नावाचे आरोग्यास अपायकारक द्रव्यही तयार होते, हे २००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिल्यापासून या मर्यादेस अधिकच महत्त्व आले आहे. थोडक्यात, पिष्ट भरपूर व साखर अत्यल्प, हे तळणीच्या बटाट्याचे लक्षण होय.

हंगामाचा परिणाम

बटाटा हे मूळचे थंड हवेचे पीक. दिवसा पाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात व रात्री ते जमिनीतील बटाट्याकडे वाहून नेले जाते. रात्री उष्ण असल्या, तर तयार झालेल्या अन्नाचा बराच भाग झाडाच्या श्वसनातच खर्ची पडतो व बटाटे कमी पोसतात. रात्रीचे तापमान १५ ते २० अंश सेल्सिअस असताना बटाटे चांगले धरतात. ते २० अंशांच्या वर राहू लागले, की पाला माजतो व बटाटे धरण्याचे प्रमाण घटते. उष्ण रात्रीतही बटाटे धरावेत म्हणून सिमला येथील केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ‘कुफरी सूर्या’ ही जात २००६ साली प्रसारित केली.

मात्र रात्री अतिथंड असणेही तळणीच्या बटाट्यास मानवत नाही. काढणीपूर्वीच्या शेवटच्या महिन्यात रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली राहिल्यास साखर वाढू लागते. पंजाबच्या मैदानात जानेवारीत तयार होणाऱ्या बटाट्याचे उत्पन्न भरघोस असले तरी त्यात साखर अधिक आढळते, त्याचे कारण हेच. माळव्याच्या पठारावर दिवस उबदार, आकाश निरभ्र व रात्री बेताच्या थंड असल्याने तेथील बटाटा वेफर्ससाठी नावाजलेला आहे.

महाराष्ट्रात बटाट्याचे दोन हंगाम आहेत. खरिपाचे पीक पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या सातगाव पठारावर व साताऱ्याच्या खटाव भागात मुख्यत्वे पावसाच्या पाण्यावर घेतले जाते. या हंगामात आकाश ढगाळ असते, पाने पुरेसे अन्न तयार करू शकत नाहीत आणि रात्रीचे तापमान २० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक राहते. करपा लवकर आल्यास पाला जळून बटाटे अपक्व राहतात. त्यामुळे खरिपाच्या मालात पाणी अधिक व शुष्क द्रव्य कमी असण्याचा संभव असतो. सालही पातळ राहते. असे असूनही या मालास मागणी असते. पावसाळ्याच्या अखेरीस उत्तर भारतातील बटाटा कित्येक महिने शीतगृहात राहून गोड झालेला असतो, तर खरिपाचा बटाटा ताजा असतो व थंडी न लागल्याने त्यात साखर वाढलेली नसते. ही संधी साधावयाची असेल तर करप्याचा बंदोबस्त वेळेवर करून पाला हिरवा ठेवणे व पीक पूर्ण पक्व झाल्याखेरीज न काढणे आवश्यक आहे. दर चढा आहे म्हणून कोवळे पीक उपटणाऱ्यास वजनाचा व प्रतीचा, असा दुहेरी तोटा सोसावा लागतो.

रब्बी पिकास निसर्ग अधिक अनुकूल असतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लागवड केल्यास डिसेंबर व जानेवारीतील स्वच्छ ऊन आणि थंड रात्री बटाटे पोसण्याच्या नेमक्या काळात लाभतात. पुण्याच्या परिसरात डिसेंबरमधील रात्रीचे सरासरी तापमान ११ ते १२ अंशांच्या घरात असते. म्हणजे थंडीही मिळते व साखरही फारशी वाढत नाही. लागवड लांबल्यास मात्र बटाटे मार्चच्या तापलेल्या जमिनीत सापडतात. पाण्याच्या पाळ्या अनियमित झाल्या, तर त्यांना गाठी फुटून आकार बिघडतो. मातीची भर अपुरी राहिल्यास उघडे पडलेले बटाटे उन्हाने हिरवे होतात व पाकोळीच्या अळ्याही त्यांत शिरतात. हिरव्या भागात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते, म्हणून असे बटाटे खाण्यास वापरू नयेत.

काढणी

पाला पिवळा पडू लागल्यावर पाणी तोडावे व काढणीपूर्वी १० ते १५ दिवस पाला जमिनीलगत कापावा. त्यामुळे साल घट्ट होते. बटाट्यावर अंगठा जोराने घासून पाहावा. साल निघत असल्यास काढणी आणखी काही दिवस पुढे ढकलावी. काढणी वाफशावर करावी. काढलेला माल उन्हात न ठेवता सावलीत हवेशीर जागी १० ते १५ दिवस राहू द्यावा. या अवधीत जखमा भरून येतात व साल पक्की होते. कापलेले, खरचटलेले व ओले बटाटे चांगल्या मालात मिसळणे म्हणजे साठवणीतील सडीस स्वतःहून निमंत्रण देणे होय.

साठवणीचे तापमान

काढणीनंतरही बटाटा जिवंतच असतो. तो श्वसन करतो व त्यासाठी आपल्याजवळील पिष्टाची साखर करून ती खर्च करतो. तापमान अधिक असल्यास श्वसन जलद होते, वजन घटते व सुप्तावस्था संपताच कोंब फुटतात. तापमान ३० अंशांच्या वर गेले व ढिगात हवा खेळती नसली, तर बटाट्याच्या मध्यभागास प्राणवायू अपुरा पडून तो काळा पडतो. बाहेरून निर्दोष दिसणारा असा बटाटा कापल्यावर फेकून द्यावा लागतो.

तापमान फार उतरविल्यास उलट प्रकार घडतो. श्वसन मंदावल्याने साखर खर्च होत नाही. परंतु पिष्टाची साखर होण्याची क्रिया मात्र चालूच राहते. परिणामी बटाट्यात साखर साठत जाते. शीतगृहातील २ ते ४ अंश तापमानात काही आठवड्यांतच बटाटा चवीला गोडसर लागू लागतो. त्यास कोंब फुटत नाहीत, तो सडतही नाही. पण तळणीस तो निरुपयोगी ठरतो. असा माल १५ ते २० अंश तापमानात दोन-तीन आठवडे ठेवल्यास साखर काही अंशी कमी होते, परंतु ती पूर्ववत होईलच असे नाही. दीर्घकाळ साठवून जून झालेल्या बटाट्यातील साखर तर या उपायानेही उतरत नाही.

यावरून सर्व बटाट्यास एकच तापमान योग्य नव्हे, हे ध्यानात येईल. माल कशासाठी ठेवावयाचा, ते प्रथम ठरवावे :

बेण्यासाठी : २ ते ४ अंश. येथे गोडव्याने बिघडत नाही. कोंब रोखणे महत्त्वाचे असते.

तळणीसाठी : १० ते १२ अंश. या तापमानात साखर फारशी वाढत नाही. मात्र सुप्तावस्था संपल्यावर कोंब येऊ लागतात, म्हणून दीर्घ साठवणीत कोंबरोधक द्रव्याची योजना करावी लागते. अशी द्रव्ये बेण्याच्या बटाट्यावर कदापि वापरू नयेत.

भाजीसाठी : थोड्या दिवसांसाठी सावलीतील थंड, काळोखी व हवेशीर जागा पुरते. कित्येक महिने ठेवावयाचा झाल्यास १० ते १२ अंशांची सोय उत्तम. ती नसल्यास २ ते ४ अंशांच्या शीतगृहावाचून गत्यंतर नसते व चवीतील गोडवा पत्करावा लागतो.

शीतगृह नसल्यास

रब्बीचा माल नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर हाती येतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात शेतकरी झाडाच्या किंवा छपराच्या सावलीत बटाट्याची अरण लावतात. ही पद्धत थोड्या काळासाठी उपयुक्त आहे. ढिगाची उंची एक ते सव्वा मीटरपेक्षा अधिक नसावी, वर पेंढ्याचा जाड थर द्यावा व चोहोबाजूंनी हवा खेळती राहील असे पाहावे. बंद पत्र्याच्या खोलीत गोण्यांची थप्पी रचू नये. दर पंधरवड्यास ढीग तपासून सडलेले बटाटे वेगळे करावेत. उष्मा वाढू लागताच माल विकून मोकळे होणे शहाणपणाचे. मे महिन्यातील दराच्या आशेने थांबणाऱ्याच्या पदरी पुष्कळदा सडका माल येतो.

बेण्याबाबत दक्षता

नुकत्याच काढलेल्या बटाट्यास साधारणतः सहा ते आठ आठवडे सुप्तावस्था असते. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात काढलेले खरिपाचे बटाटे लगेच रब्बीसाठी लावल्यास उगवण विरळ व मागेपुढे होते. शीतगृहातून काढलेले बेणेही त्याच दिवशी लावू नये. थंड बटाट्यावर बाहेरच्या दमट हवेतील पाणी धरते व ओले बेणे गोणीतच कुजते. ते सावलीत पातळ पसरून, अंधुक उजेडात १० ते १५ दिवस ठेवावे. आखूड, जाड व हिरवट कोंब आले म्हणजे लावण करावी.

मिठाच्या पाण्याची परीक्षा

शुष्क द्रव्याचा अंदाज गावातच घेता येतो. ८ लिटर पाण्यात १ किलो मीठ पूर्ण विरघळवावे. या पाण्याची घनता सुमारे १.०८ होते. शेताच्या निरनिराळ्या भागांतील वीस-पंचवीस बटाटे धुऊन, पुसून त्यात सोडावेत. जे बुडतात, त्यांत शुष्क द्रव्य साधारणपणे २० टक्के किंवा अधिक असते. जे तरंगतात, त्यांत कमी. साखरेच्या परीक्षेसाठी चार-सहा बटाट्यांच्या पातळ काचऱ्या तळून त्यांचा रंग पाहावा. काढणीपूर्वी, तसेच साठवणीतून माल बाहेर काढण्यापूर्वी या दोन्ही परीक्षा केल्यास कारखान्याच्या दारात कळावयाची गोष्ट घरीच कळते आणि माल भाजीच्या बाजारात पाठविण्यास अवधी मिळतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी लागवडीपूर्वीच शेतकऱ्यांशी या विषयाची चर्चा करावी. माल बेण्यासाठी, भाजीसाठी की तळणीसाठी, हे आधी ठरले म्हणजे जात, लावणीची वेळ, काढणीचा दिवस व साठवणीची जागा या गोष्टी त्यास अनुसरून ठरविता येतात. काढणीच्या हंगामापूर्वी गावात मिठाच्या पाण्याच्या परीक्षेचे एक प्रात्यक्षिक घ्यावे. शीतगृहात माल ठेवणाऱ्या शेतकऱ्याने तेथील खोलीचे तापमान विचारूनच पावती घ्यावी. हंगामाने जी प्रत बटाट्यास दिलेली नाही, ती शीतगृह देऊ शकत नाही. परंतु हंगामाने दिलेली प्रत चुकीच्या तापमानामुळे थोड्या आठवड्यांत गमावली जाऊ शकते, हे शेतकरीबंधूंनी विसरू नये.