भागाकार तेवढा नको!

नोकरी संपली की कोकणात जाऊन खेड्यातल्या शाळेत शिकवायचे, असा बेत मी कितीतरी वर्षे मनात घोळवीत होतो. आमच्या सौभाग्यवतींना त्यात फारसे काही वाटत नव्हते. "घरच्या नातवाला सातचा पाढा शिकवताना तुमचा आवाज चाळभर ऐकू जातो, परक्या मुलांचे काय व्हायचे?" एवढेच त्या म्हणाल्या. तरी बँकेतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच थंडीत मी बॅग भरली आणि रत्नागिरी जिल्ह्याची वाट धरली.

आमचे मूळ गाव दापोली तालुक्यातले. घर बंदच असते. गणपतीला आणि शिमग्याला तेवढे उघडते. गावची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. मुले अकरा आणि बाई एक. चार इयत्ता एकाच खोलीत, एकेका भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. बाई घाटावरच्या. पहाटे उठून, स्वतःचा डबा करून, स्कूटरवरून येणाऱ्या. एका इयत्तेला गणित घालायचे, दुसरीचे शुद्धलेखन तपासायचे, मधेच पोषण आहाराची खिचडी बघायची आणि त्यातच जिल्ह्याच्या कचेरीने मागवलेली माहिती मोबाईलवरून धाडायची. गावात मोबाईलला रेंज फक्त देवळामागच्या चौथऱ्यावर! म्हणजे तेवढा वेळ चारी इयत्ता देवाच्या हवाली.

मी माझा मनोदय सांगितला. बाईंनी आदराने खुर्ची दिली, पाणी दिले आणि विचारले, "काका, किती दिवस आहात?"

"चांगला महिनाभर आहे," मी ऐटीत म्हणालो.

बाई जराशा थांबल्या. मग म्हणाल्या, "मग गोष्टी सांगा. पाढे घ्या. वाचून घ्या. पण भागाकार तेवढा सुरू करू नका."

मला वाटले, माझ्या गणिताविषयी शंका दिसते. छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब जुळवलेला माणूस मी! पण कारण निराळे होते. आदल्या वर्षी शहरातून काही हौशी मंडळी आली होती. आठ दिवस राहिली, मुलांना नव्या पद्धतीने भागाकार शिकवू लागली, फोटो काढले आणि गेली. भागाकार अर्ध्यावर राहिला. मुलांना ना नवी रीत पुरी आली, ना जुनी आठवेना. बाईंना पुन्हा वजाबाकीपासून आरंभ करावा लागला. "माणसे चांगली होती हो," त्या म्हणाल्या, "पण उरलेले वर्ष माझे होते."

मी महिनाभर पाढे घेतले.

एका रविवारी मुरूडला गेलो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. जन्म १८५८ सालचा, आजोळी शेरवलीचा, पण वाढले मुरूडला. समुद्र, माडांच्या वाड्या, दुर्गादेवीचे देऊळ आणि गावात अण्णासाहेबांचे स्मारक. त्यांच्या आत्मवृत्तातले सोमण गुरुजी आठवले. गावच्या शाळेतले हे गुरुजी शाळा सुटल्यावरही शिक्षकच राहत. या पोराकडून ते देवळात जमलेल्या गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखववीत. पुढे महर्षी झालेल्या मुलाची सार्वजनिक कामाशी ओळख झाली ती अशी.

त्या काळी मराठी सहावीची परीक्षा पास झाली की खेड्यात मास्तरकी नाहीतर कचेरीत कारकुनी मिळे. त्या परीक्षेसाठी धोंडू आणि त्याचे सोबती कुंभार्ली घाट चढून शंभरावर मैल पायी साताऱ्यास गेले. तिथे साहेबांनी त्याच्याकडे बघितले आणि सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेला बसू दिले नाही! अंगाने लहानखुरा होता, एवढाच अपराध. आल्या पावली परत.

पुढचे कर्वे आपल्याला ठाऊक असतात. फर्ग्युसनमधले गणिताचे प्राध्यापक, १८९३ सालचा पुनर्विवाह आणि त्यापायी याच मुरूडकरांनी घातलेला बहिष्कार, हिंगण्याचा आश्रम, १९१६ चे महिला विद्यापीठ. यानंतर कोणीही आरामखुर्ची ओढली असती. अण्णांनी १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या गावी लोकल बोर्डाची शाळा नाही तिथे शाळा काढायची, एवढे साधे काम.

मला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. आयुष्यभर शिकवलेला हा माणूस. पण चार दिवस खेड्यात जाऊन शिकवून येण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. शाळेला मास्तर पाहिजे, मास्तराला पगार पाहिजे, आणि तो दर महिन्याला पाहिजे. गणिताच्या प्राध्यापकाने काढलेले हे उत्तर. आपल्या तुटपुंज्या पेन्शनीतून दरमहा काही रक्कम त्यांनी वेगळी काढली आणि बाकीची जमवण्यासाठी पुण्यात घरोघर पायी हिंडू लागले. कोणी आणा देई, कोणी पैसा. तोही घेत.

आजची अडचण वेगळी आहे. शाळा गावोगाव आहेत, पण मास्तर टिकत नाहीत. घाटावरून नेमून आलेली माणसे आपल्या जिल्ह्यात बदली मागतात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? त्यांचेही आईवडील तिकडेच असतात. २०२३ साली आंतरजिल्हा बदल्यांत रत्नागिरीतून शेकडो शिक्षक एकदम गेले. त्याच वर्षी सरकारने निवृत्त शिक्षकांना दरमहा वीस हजार मानधनावर नेमण्याची मुभा दिली. तिकडे पटसंख्या घटत चाललेली. मुले मुंबईला, नाहीतर तालुक्याच्या इंग्रजी शाळेत. आमची अकरा त्यांतून उरलेली.

निघण्याआधी बाईंना विचारले, मी काय करू?

गावात डी.एड. झालेली एक सून आहे, घरीच असते. पहिली-दुसरी तिने रोज सांभाळली तर बाईंना तिसरी-चौथी नीट घेता येईल. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करायचा आणि मानधन मुंबईच्या गावकऱ्यांनी द्यायचे. कोकणातल्या किती शाळा मुंबईच्या मनीऑर्डरींवर उभ्या राहिल्या, हे मी काय सांगावे!

मुंबईत आमची चौदा बिऱ्हाडे. दरमहा पाचशे ठरले. नऊजणांनी लगेच होकार दिला. एकाने विचारले, "शाळा उद्या बंद झाली तर?" खोटे कशाला बोला, मला उत्तर देता आले नाही. त्याने तरी तीन महिन्यांचे दिले. दोघांनी देवळाचा रंग आधी म्हणून सांगितले. उरलेले दोघे भेटतच नाहीत.

सूनबाई जूनपासून शाळेत जाते. भागाकार दिवाळीच्या सुट्टीआधी पुरा झाला, असे बाईंनी फोनवर कळवले. चौघांचा झाला, एकाचा बाकी चुकतो.

या महिन्याची वर्गणी आणायला परवा डोंबिवलीस गेलो होतो. तिसरा मजला, आणि लिफ्ट बंद. वर पोहोचलो तर दाराला कुलूप. पुन्हा रविवारी जायचे आहे.