हक्क की मंत्र्यांची कृपा?

ऑस्ट्रेलियाने १९९२ मध्ये अपंगांविरुद्धच्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा केला. मात्र त्याच कायद्याच्या ५२व्या कलमाने स्थलांतर कायद्यातील तरतुदींना सूट दिली. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता देतानाही कॅनबेराने परदेशी नागरिकांसाठीच्या आरोग्य अटी स्वतंत्र निवेदनाद्वारे राखून ठेवल्या. परिणामी, एका मुलाच्या अपंगत्वापायी संपूर्ण कुटुंबाचा कायम वास्तव्याचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

त्याच वर्षी व्हिक्टोरियातील एका छोट्या शहरात सेवा देणाऱ्या जर्मन डॉक्टरचा अर्ज, मुलाला डाउन सिंड्रोम असल्याने, नाकारला गेला. गावकरी पाठीशी उभे राहिले आणि मंत्र्यांनी विशेषाधिकार वापरला. पण ज्याच्यामागे गाव नाही, त्याने काय करावे?

नेमका हाच प्रश्न स्थलांतरित समाजांतील अपंग व्यक्ती आणि त्यांचे कुटुंबीय लावून धरत आहेत. ‘नॅशनल एथनिक डिसॅबिलिटी अलायन्स’ ही त्यांची संघटना. सरकार उपचारांचा संभाव्य खर्च मोजते. कुटुंबाचे श्रम, कर आणि घरातली शुश्रूषा हिशेबात धरत नाही, हा आक्षेपाचा गाभा आहे. २०१० मध्ये संसदीय समितीनेही कुटुंबाचे योगदान विचारात घेण्याची शिफारस केली.

२०२४ मध्ये खर्चाची मर्यादा ५१ हजारांवरून ८६ हजार डॉलरवर गेली. दार थोडे किलकिले झाले. ५२वे कलम मात्र कायम आहे. तेथे स्थायिक होऊ पाहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही याच दारातून जावे लागते.