आराखड्यात पाणी कुठे आहे?

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभा झाल्या. गावोगावचे विकास आराखडे आता ठरावानिशी वर जातील. बहुतेकांत रस्ता, गटार, सभामंडप, पथदिवे सापडतील. गावात पाणी किती आणि ते कोणी, कशासाठी वापरायचं, हे मात्र क्वचितच. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिले, तरी टाकी बांधणं सोपं आणि पाण्याचा हिशेब मांडणं अवघड, हे काही बदललं नाही.

तो हिशेब कसा मांडायचा, हे आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्याने दाखवलंय. हिवरे बाजारचं श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी वाचकांना पाठ आहे. तिथले सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांची 2020ची पद्मश्रीही. मला त्या गावाची सगळ्यात मोठी कमाई वाटते ती पावसाळा सरल्यावर मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती मिलिमीटर झाला, विहिरींची पातळी कुठे आहे, हे आधी मोजायचं. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. उरलेल्यातलं 70 टक्के शेतीला आणि 30 टक्के जमिनीत पुढच्यासाठी. मग रब्बीला काय नि किती पेरायचं, ते ग्रामसभेत ठरतं. पाऊस कमी, तर पेराही कमी. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, हे तर आधीपासूनच ठरलेलं.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने ग्रामसभेत ठरवण्याचा हाच अधिकार जंगलाबाबत वापरला. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. पण अभ्यासगटात बसून प्रश्न समजून घ्यायचा आणि सर्वांच्या सहमतीनेच निर्णय करायचा, ही सवय त्याआधीची.

आता आपल्याच जिल्ह्यात श्रीगोंदा तालुक्यातलं काष्टी घ्या. इथे ऊस लावू नका म्हणणारा ठराव कोण मांडेल? घोड आणि कुकडीच्या आवर्तनावर हा तालुका उभा आहे, आणि आडसाली ऊस शेतात दीड वर्षापर्यंत उभा राहतो. पाणी दूरच्या धरणातून येतं, म्हणून त्याचा हिशेब पाटबंधारे खात्याने ठेवायचा, अशी समजूत घट्ट झालीय. ती मला धोक्याची वाटते. आवर्तन लांबलं की सगळा भार विहिरी आणि बोअरवर येतो, आणि ते पाणी गावाचंच असतं. दुष्काळाची पहिली खूण इथल्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात दिसते: चारा संपला की दावणीची जनावरं विकायला निघतात आणि भाव पडतो. पीकपाण्याचा निर्णय चुकल्याची किंमत दूधवाला शेतकरी आणि शेळी पाळणारी बाई आधी मोजतात, ज्यांच्या नावावर उसाचा एक गुंठाही नसतो.

राज्याचा 2009चा भूजल कायदा 2014 पासून लागू आहे. अधिसूचित क्षेत्रात भूजल वापराचा आणि पिकांचा आराखडा करायला तो सांगतो. पण विहिरीत टेप सोडून पातळी मोजायला अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. काष्टीसारख्या गावाने पहिल्या वर्षी उसाला हातही लावू नये. निवडक विहिरींची पातळी शाळेतल्या पोरांकडून दरमहा मोजून घ्यावी, पिण्याचं आणि जनावरांचं पाणी आधी राखून ठेवण्याचा ठराव करावा आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. उसाचं क्षेत्र किती ठेवायचं, हा वाद गावाला त्या फळ्यासमोर उभं राहून घालू द्या.